आमसुलाचं पाणी

सुलेखा : ...आणि ह्या चटणीला गूळ जरा जास्तच लागतो. तुझ्या सासऱ्यांना आंबट चालायचं नाही. स्वतःच्या वडिलांच्या श्राद्धाला दर वर्षी पहिला घास घेऊन म्हणायचे, गूळ कमी पडलाय. आता उद्या त्यांच्याच नावाचं पान वाढायचंय. ऐकतेयस ना?

निवेदिता : ऐकतेय, आई. सुखदाला कारसीटमधून काढलं नाहीये. हलवलं की रडायला लागेल. झोपू दे तशीच.

सुलेखा : पांघरूण नीट घाल तिच्यावर. ही तुमच्या पामर्स्टनची थंडी मेली हाडात शिरते. काय म्हणाली डॉक्टरीण?

निवेदिता : सांगते.

सुलेखा : तू 'सांगते' म्हणालीस की काहीतरी वाईटच असतं बघ. डोळ्यांचं आहे का काही?

निवेदिता : डोळे आहेत तसेच आहेत. फिट्सचं औषध वाढवलंय. आणि डोकं महिन्याभरात वाढलेलं नाही.

सुलेखा : ते मला ठाऊक होतं.

निवेदिता : कसं?

सुलेखा : रोज टाळू भरते ना मी तिची. मी आले तेव्हा तेल घातलं की जरा तिथे थांबायचं, मुरायचं. आता ओघळून कानामागे जातं. चार महिन्यांच्या बाळाची टाळू इतक्यात भरून येत नाही. तुला बोलले नाही मी. म्हटलं, आधीच काय कमी ताप आहे तुझ्या डोक्याला.

निवेदिता : मलाही हाताला लागत होतं. मीही बोलले नाही.

सुलेखा : आपण दोघी म्हणजे ना. बस आता. चहा टाकते.

निवेदिता : चहा नको. आई, मला जरा गेल्या वर्षीचं सांगाल? बाबा गेल्यानंतरचे ते तेरा दिवस. यशोधन तिथे होता ते.

सुलेखा : आज कुठून आठवलं तुला ते?

निवेदिता : उद्या वर्षश्राद्ध आहे. मी तिथे नव्हते. त्याने कधी नीट सांगितलं नाही.

सुलेखा : तो काय सांगणार. त्याचं सगळं 'ठीक आहे, आई.' विमानतळावरून थेट आला. हे बर्फात ठेवलेले. बॅग दारात टाकली आणि म्हणाला, गुरुजींना फोन करा, मी आलोय. डोळ्यांत टिपूस नाही. पण केलं बाई सगळं. मी म्हटलं होतं, अरे, तुम्ही परदेशात राहणारे, तीन दिवसांत उरका, हल्ली सगळे उरकतात. ऐकलं नाही. तेरा दिवस मागच्या गॅलरीच्या दाराशी चटई टाकून जमिनीवर. गादी नाही, उशी नाही, मच्छरदाणी नाही. एक वेळ जेवण. जगदीश गुरुजीसुद्धा म्हणाले, वहिनी, असा मुलगा आजकाल बघायला मिळत नाही.

निवेदिता : आजारी पडला होता का तो तिथे?

सुलेखा : नाही गं.

निवेदिता : ताप? थोडासा सुद्धा?

सुलेखा : अगं, त्या मोठ्या डॉक्टरांनी फोनवर हेच विचारलं होतं ना त्याला? मी इथेच बसले होते, फोन स्पीकरवर होता. इंडियात गेला होतात, ताप आला का, अंगावर रॅश आली का. तो नाही म्हणाला. माझा मुलगा खोटं बोलणारा नाही.

निवेदिता : खोटं बोलला असं म्हणतच नाहीये मी.

सुलेखा : थकला होता, एवढंच. अंग आंबलं होतं. फरशीवर झोपल्यावर दुसरं काय होणार? बोटं दुखतात म्हणायचा. पिंड वळताना मूठ मिटत नव्हती. मी म्हटलं, कॉम्प्युटर बडवून बडवून तरणाताठा म्हातारा झालास. आणि डोळे हे असे लाल. माझ्यासमोर रडला नाही हो कधी, पण लपून रडत असणार. आईला कळत नाही होय?

निवेदिता : मला म्हणाला होता, तिथे मला रडूच आलं नाही.

सुलेखा : असं म्हणतात गं पुरुष.

निवेदिता : हं.

सुलेखा : तू हे सगळं विनयावन्सं बोलल्या म्हणून विचारतेयस का? काल फोनवर होत्या तेव्हा तू मागे होतीस. ऐकलंस ना.

निवेदिता : ऐकलं. बायको पोटुशी असताना नवऱ्याने डोकं भादरलं, प्रेताला खांदा दिला, म्हणून मूल असं झालं.

सुलेखा : मी नाही हं म्हणत. आईबापांच्या वेळी चालतं ते, गुरुजींनाही विचारलं मी. पण वन्संचं आपलं सुरू. म्हणे, आधी सांगितलं असतं तर पुतण्याच्या हातून केलं असतं सगळं. मी म्हटलं, अहो, सांगणार कोण? मला तरी कुठे ठाऊक होतं?

निवेदिता : कुणालाच नव्हतं. सकाळी मी टेस्ट केली, दोन रेघा आल्या. तो ऑफिसला गेला होता. म्हटलं, संध्याकाळी सांगू. तो घरी आला तो रडवेल्या तोंडाने आणि फोन कानाला. बाबा गेले म्हणाला. मग कसं सांगणार? तिकीट काढून दिलं, बॅग भरून दिली. मनात म्हटलं, ह्याला तिथे मोकळ्या मनाने सगळं करू दे. परत आला की सांगू.

सुलेखा : बरोबरच केलंस. मीही तेच केलं असतं. तीन महिने होईस्तोवर कुणी बोलतं का? तरी तुला गंमत सांगते. गंमत कसली म्हणा. त्याच आठवड्यात कॉर्पोरेशनची बाई आली होती दारात. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाला तरी तो डासांचा झिका निघाला होता म्हणे. घरोघरी कुंड्या तपासत फिरत होत्या त्या. आता आमच्या गॅलरीत ह्यांच्या त्या पंचवीस-तीस कुंड्या. हे दवाखान्यात होते तेव्हापासून मीच पाणी घालत होते. ह्यांची झाडं वाळली तर कसं दिसेल, म्हणून जरा जास्तच घालायचे. खालच्या ताटल्या भरून वाहायच्या. तर ती बाई विचारते, आजी, घरात कुणी गरोदर आहे का? हा आजार गरोदर बाईला वाईट. मी म्हटलं, नाही गं बाई, इथे मरण झालंय, सुतक आहे, आत येऊ नकोस. गेली बिचारी पुढे.

निवेदिता : गॅलरीत नाही आली ती.

सुलेखा : सुतकात कशी घेणार आत? तूच सांग. आणि आमच्या घरात कोण होतं गरोदर? तू तर इथे, सातासमुद्रापलीकडे. हे घे, चटणी चाखून सांग. नाही, थांब, श्राद्धाचं चाखायचं नाही. वासावरून सांग.

निवेदिता : छान येतोय वास.

सुलेखा : येणारच. सुशीलमामाने घरी वाळवलेली आमसुलं आहेत. येताना डबा घेऊन आले तर तुमच्या विमानतळावरचा तो कुत्रा नेमका माझ्याच पिशवीपाशी बसला. मी म्हटलं, बस बाबा, तुलाही पित्त झालं असेल. ह्याच डब्यातली मी तेव्हा यशूच्या पाठीला लावली होती.

निवेदिता : काय लावलं होतं?

सुलेखा : आमसुलं गं. भिजवून, कोळून, त्याचं पाणी.

निवेदिता : कधी?

सुलेखा : तेराव्याच्या आदल्या दिवशी. आंघोळ करून आला, उघडाच, धोतर गुंडाळून, तर पाठभर लाल. पोटावर, दंडावरसुद्धा. खाजवत होता सारखा. मी म्हटलं, अरे, पित्त उठलंय तुला. एकवेळचं जेवण, जागरण, त्यात तुमचा तो काळा चहा दिवसभर. आमसुलं भिजत घातली आणि चांगलं चोळलं. लहानपणी चोळायचे तसं. पाटावर बसला मुकाट. दोन दिवसांत सगळं गेलं. खरं सांगू? त्या तेरा दिवसांत तेवढंच एक बरं वाटलं मला. ह्यांना काही वाचवता आलं नाही, पण पोराला तरी आराम पडला माझ्या हातून. काय गं? अशी काय बघतेयस? निवेदिता?

निवेदिता : डोळे लाल होते. सांधे दुखत होते. अंगभर रॅश.

सुलेखा : रॅश नाही गं, पित्त. रॅश असती तर त्याने डॉक्टरांना सांगितलं नसतं का?

निवेदिता : कसं सांगणार? त्याच्या लेखी तो आजारच नव्हता. डोळे रडून, अंग फरशीमुळे, पाठ उपासाने. सगळ्याला कारण होतं तुमच्याकडे. आई, गॅस बंद करा आणि बसा जरा.

सुलेखा : काय झालंय?

निवेदिता : माझं रक्त बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवलं होतं. आज रिपोर्ट आला. दोनदा तपासलं त्यांनी, दुसऱ्या कशाशी गल्लत नको म्हणून. मला झिका होऊन गेलाय. पोटात सुखदा असताना. पोटातल्या बाळाच्या मेंदूत जातो तो. मेंदू वाढू देत नाही. म्हणून तिचं डोकं असं, म्हणून फिट्स, म्हणून डोळे.

सुलेखा : तुला? अगं, पण तू कुठे गेली होतीस? घर सोडून हललीसुद्धा नाहीस. इथे आहेत का ते डास?

निवेदिता : इथे डास आहेत, पण हा आजार नेणारा डास नाही.

सुलेखा : मग तो मेला डास इथे आला कसा?

निवेदिता : डास आलाच नाही, आई. यशोधन आला.

सुलेखा : म्हणजे?

निवेदिता : डासातून माणसात जातो. आणि मग माणसातून... नवऱ्याकडून बायकोला जातो. त्याच्या अंगात काही महिने राहतो. तो बरा दिसत असला तरी. आता कळलं का तुम्हाला? मला ह्याहून जास्त बोलता येणार नाही तुमच्यासमोर.

(सुलेखा गॅस बंद करते.)

सुलेखा : कळलं.

निवेदिता : मी पण माणूस आहे, आई. तो आला तेव्हा, मी दार उघडलं तर मला ओळखूच येईना. डोकं भादरलेलं, गाल आत गेलेले. बूटसुद्धा न काढता सोफ्यावर बसला. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. म्हटलं, बाबा गेले, पण कुणीतरी येतंय आपल्याकडे. तेव्हा रडला तो. पहिल्यांदा. माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मग मी त्याला लांब ठेवणार होते का?

सुलेखा : नाही गं. नाही. कोण ठेवेल?

निवेदिता : नंतर दोन दिवस माझं अंग दुखत होतं. मला वाटलं, दिवस गेलेत, असंच असेल.

सुलेखा : म्हणजे वन्संचंच खरं झालं. त्या तेरा दिवसांतच झालं सगळं.

निवेदिता : आई, प्लीज. त्या म्हणतात तो कसलासा कोप. हा आजार आहे. त्याला मुंडनाचं काही पडलेलं नाही.

सुलेखा : तुला फरक आहे, तू शिकलेली आहेस. मला काय फरक? तिकडूनही तोच आणि इकडूनही तोच. पोरगा माझाच ना? आणि ताटल्या मीच भरत होते. आणि दारातून परत पाठवलं ते मीच.

निवेदिता : तुम्हाला काय ठाऊक होतं तेव्हा.

सुलेखा : त्या बाईला आत घेतलं असतं तर सुतक तिला लागणार होतं, मला नाही. मी आपली तिला जपत होते बघ.

निवेदिता : रडू नका. सुखदा उठेल.

सुलेखा : नाही रडत. निवेदिता, त्याला सांगितलंस का तू?

निवेदिता : नाही. भोपळा आणि पानं आणायला गेलाय ना. आत्ता येईल. आल्यावर सांगते.

सुलेखा : नको सांगूस.

निवेदिता : आई.

सुलेखा : तुझ्या पाया पडते. उद्या सकाळी गुरुजी व्हिडिओवर येणार, हा बापाच्या नावाने पिंड ठेवणार. ज्या बापासाठी धावत गेला, तिथूनच हे घेऊन आला असं त्याला कळलं, तर पिंड धरवेल का त्याच्या हाताला? तो बापाला शिव्या घालेल, नाहीतर स्वतःला. दुसरं काही होणार नाही. मोडेल गं तो.

निवेदिता : आणि मी?

सुलेखा : तू खंबीर आहेस.

निवेदिता : कुणी सांगितलं तुम्हाला? हॉस्पिटलच्या फार्मसीत मी काय करते ठाऊक आहे ना? कॅन्सरच्या पेशंटची औषधं बनवते. दिवस राहिल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते काम बदलून घेतलं. पण सुखदाचं डोकं लहान आहे असं पहिल्यांदा स्कॅनमध्ये म्हणाले, तेव्हा गाडीत बसल्यावर यशोधनने मला काय विचारलं असेल? तू कामावर ग्लोव्ह्ज घालायचीस ना नीट? एवढंच विचारलं. परत कधी विचारलं नाही. पण तेव्हापासून रोज आंघोळ करताना मी माझे हात बघते. बोटाला कधी काप होता का, ग्लोव्ह फाटला होता का, बदलायच्या आधीच्या त्या चार दिवसांत काय काय हाताळलं. इतके महिने, आई. तिला पाजताना माझा हात तिच्या डोक्याला लागला तरी वाटायचं, ह्याच हाताने केलं.

सुलेखा : मला बोलली नाहीस कधी.

निवेदिता : काय बोलणार? तुमचा मुलगा चांगला आहे. ओरडत नाही, चिडत नाही. रात्री दोनदा उठतो तिच्यासाठी. पण त्याच्या मनात ते बसलंय. तो सुखदाकडे बघतो आणि मग माझ्या हातांकडे बघतो. त्याला कळतसुद्धा नसेल. आज डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला ना, तेव्हा मला काय वाटलं सांगू? माझं मूल कधी बसणार नाही, चालणार नाही, हे ऐकत असताना आतून हलकं वाटलं मला. मी नव्हते. मी काही केलं नव्हतं. लाज वाटली नंतर.

सुलेखा : त्यात कसली लाज? मी म्हणते ना. तू काही केलं नाहीस. शंभरदा म्हणते.

निवेदिता : तुमच्याकडून नको. त्याच्या तोंडून ऐकायचंय मला. एकदाच.

सुलेखा : ऐकशील. पण उद्याचं होऊन जाऊ दे.

निवेदिता : उद्यापर्यंत, की कायमचं?

सुलेखा : खोटं कशाला बोलू? मनातलं विचारशील तर कायमचंच म्हणते मी. तू कसंही निभावशील, पण त्याचं मला सांगवत नाही. लहानपणी ह्याच्या हातून चिमणीचं पिल्लू मेलं होतं, पायाखाली आलं, तर आठवडाभर चप्पल घातली नाही त्याने. अनवाणी शाळेत गेला. असा आहे तो. पण कायमचं सांगायला मी कोण? पोर तुमची. उद्यापर्यंत म्हणते. एवढं कर माझ्यासाठी.

निवेदिता : तो आल्या आल्या विचारेल. काय सांगू त्याला?

सुलेखा : म्हणावं, कळत नाही म्हणाल्या.

निवेदिता : म्हणजे ते माझ्याच माथ्यावर राहू दे आणखी.

सुलेखा : एक दिवस गं. गाडी आली बघ. डोळे पूस. इकडे ये, पदराने पुसते.

यशोधन : किया ओरा, नमस्कार, मंडळी. बूट काढतोय, ओरडू नका. आई, केळीची पानं मिळाली, पण फ्रोझन. दुकानदार म्हणाला, एकदा गरम पाण्यातून काढा की झालं काम, स्वीट अ‍ॅज. गवारसुद्धा फ्रोझन. भोपळा मात्र ताजा आहे, आपल्यासारखा लाल नाही, राखाडी सालीचा. बाबांना चालेल?

सुलेखा : चालेल. तिथून काय बोलणार आहेत ते.

यशोधन : आणि इथे कावळा काही मिळत नाही. मागच्या कुंपणावर तो मॅगपाय येऊन बसतो ना, त्यालाच घास ठेवू. गुरुजींना विचारलंय, म्हणाले, भाव महत्त्वाचा. झोपलीय का आमची बाई? किती वेळ?

निवेदिता : गाडीतच झोपली.

यशोधन : काय म्हणाल्या डॉक्टर? मीटिंगच्या मध्येच तुझा मिस्ड कॉल बघितला, मग परत केला तर तू ड्राइव्ह करत असशील.

निवेदिता : फिट्सचं औषध वाढवलंय.

यशोधन : आणि ते ब्लडचं? आज येणार होतं ना? काही निघालं का, कशामुळे?

निवेदिता : नाही. कळत नाही म्हणाल्या.

यशोधन : काहीच नाही?

निवेदिता : कधीकधी कळतच नाही म्हणाल्या.

यशोधन : हं.

सुलेखा : यशू, हातपाय धुऊन घे आधी. चहा टाकते.

यशोधन : थांब, आई. निवी, मला एक बोलायचंय. आईसमोरच बोलतो, बरं आहे ती आहे ते. काल गुरुजींशी बोलत होतो ना, तेव्हा ते म्हणाले, श्राद्धाला बसताना मनात कुणाबद्दल काही ठेवायचं नाही. नाहीतर ते पोचत नाही म्हणे. आता पोचतं की नाही मला माहीत नाही. पण गाडीत तोच विचार करत होतो. मी तुला एकदा ते ग्लोव्ह्जचं विचारलं होतं. आठवतंय?

निवेदिता : आठवतंय.

यशोधन : तू काहीच बोलली नाहीस तेव्हा. आणि ते माझ्या मनात राहिलं. बोललो नाही, पण राहिलं. ढीगभर वाचलं मी त्याच्यावर, ऑफिसात बसून. आता रिपोर्टमध्येही काही नाही म्हणजे... असू दे. काय झालं असेल ते असेल. तू मुद्दाम थोडीच केलंस? कामावर चुका होतात, माझ्या होत नाहीत का? आजपासून मी ते काढून टाकलंय मनातून. खरंच. माफ वगैरे मोठा शब्द आहे, पण तसंच समज. माझा तुझ्यावर काही राग नाही.

निवेदिता : बरं.

यशोधन : नुसतं बरं?

निवेदिता : थँक्यू.

यशोधन : अगं, रडतेस काय? मी चांगलं बोललो ना? आई, मी काही वाईट बोललो का?

निवेदिता : नाही. चांगलंच बोललास. ती पानं दे, गरम पाण्यातून काढते मी.

यशोधन : असू दे, मी करतो. तू बस तिच्याजवळ. आज तू काही करू नकोस. वास कसला मस्त येतोय. आमसुलाची चटणी?

सुलेखा : यशू, ती पिशवी खाली ठेव.

यशोधन : खाली नको, फ्रोझन आहे सगळं, पाणी सुटेल फरशीवर.

सुलेखा : सुटू दे. इकडे ये. इथे बस, माझ्यासमोर.

निवेदिता : आई, नको. उद्या. तुम्हीच म्हणालात ना.

सुलेखा : म्हणाले होते. पण हे ऐकून घ्यायला मी इथे बसले नाहीये. तू गप्प राहा, तू पुष्कळ गप्प राहिलीस. यशू, तेराव्याच्या आदल्या दिवशी मी तुला पाटावर बसवून पाठीला आमसुलाचं पाणी चोळलं होतं. आठवतं का रे तुला?

यशोधन : हो. पित्त उठलं होतं ना मला. काय थंड वाटलं होतं. का गं?